भूमीवरील भार : वाढती लोकसंख्या व आपला यवतमाळ जिल्हा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, जुन्या मिशनऱ्यांचे कष्ट आठवावेत आणि शेवटी देणगीदारांचे आभार मानावेत, असा प्रघात आहे. इतिहास याच स्मरणिकेत आमच्याहून जाणत्या व्यक्तींनी लिहिला आहे, आणि आभारांचे काम मंडळाने आपल्याकडे घेतले आहे. सबब आम्हांस विषयाची मोकळीक मिळाली, व आम्ही तो काहीसा अप्रिय निवडला आहे. आपल्या जिल्ह्यात माणसे किती वाढली, आणि त्या वाढीमुळे येथील पाणी, रान व जमीन यांची काय अवस्था झाली, याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

हा विषय आम्हांस घरभेटींनी सुचविला. विहीर आटली, रान उजाड झाले, वावराचे तुकडे पडले, अशी कोणतीही कागाळी निघाली की बोलणारा अखेर एकाच वाक्यावर येऊन ठेपतो : माणसे फार झाली. त्यास थोडे आणखी बोलू दिले तर तो दुसरे वाक्य उच्चारतो : ‘त्या’ लोकांची पोरे फार. हे ‘ते’ लोक मात्र दर गावी निराळे असतात. गावात तांड्याविषयी, तांड्यावर पोडाविषयी, एका धर्माच्या आळीत दुसऱ्या धर्माच्या आळीविषयी हेच वाक्य ऐकावयास मिळते. ख्रिस्ती लोकांविषयीही ते आम्ही एस.टी.च्या बाकावर बसून ऐकले आहे. अंगात झगा नसल्यामुळे बोलणाऱ्या सद्‌गृहस्थास आपण कोणापुढे बोलत आहो हे ठाऊक नव्हते, आणि आम्हीही ते दारव्ह्यापर्यंत सांगितले नाही. पहिल्या वाक्यात सत्य किती आणि दुसऱ्यात अन्याय किती, हे नीट तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आकडे पाहू. १९०१ च्या शिरगणतीच्या वेळी हा मुलूख वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०५ साली दारव्हा व पुसद हे तालुके त्यास जोडले गेले व जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. त्या वाढीव हद्दीत १९०१ साली सुमारे पावणेसहा लाख माणसे होती. २००१ साली ती २४,५८,२७१ झाली, आणि २०११ साली २७,७२,३४८. म्हणजे एकशे दहा वर्षांत जवळजवळ पाचपट. जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, ते काही वाढले नाही. जेथे एका चौरस किलोमीटरात चाळीस-पंचेचाळीस माणसे राहत, तेथे २०११ साली २०४ राहत होती. २०२१ ची शिरगणती लांबली, त्यामुळे पुढचा मोजलेला आकडा आम्ही देऊ शकत नाही. तेव्हा ‘माणसे फार झाली’ असे म्हणणारा शेतकरी पदरचे काही सांगत नाही. त्याने जे डोळ्यांनी पाहिले तेच शिरगणतीने मोजले आहे.

परंतु ही वाढ झाली कशी? लोक पूर्वीपेक्षा अधिक मुले जन्मास घालू लागले म्हणून नव्हे. पूर्वी जन्मलेली मुले मरत, ती जगू लागली म्हणून. १८९१ ते १९०१ या दशकात जुन्या वणी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती, कारण १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन घोर दुष्काळ त्या दशकात पडले. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, व १९२१ च्या शिरगणतीत सबंध हिंदुस्थानची संख्या दहा वर्षांपूर्वीच्या संख्येहून कमी भरली. त्यानंतर मात्र ती कधी घटली नाही. देवी, पटकी, हिवताप यांस आळा बसला, दुष्काळात धान्य पोहोचू लागले, बाळंतिणीस सुईणीच्या जोडीला दवाखाना मिळाला. आपल्या धर्मग्रामाची दफनाची नोंदवही आम्ही या महोत्सवाच्या निमित्ताने पहिल्या पानापासून वाचली. पहिल्या काही वर्षांच्या पानांवर वयाच्या रकान्यात ‘दोन दिवस’, ‘सात महिने’, ‘दीड वर्ष’ असे इतक्या वेळा लिहिलेले आहे की वाचणाऱ्याचे बोट पुढे सरकत नाही. अलीकडच्या पानांवर त्या रकान्यात सत्तर, ऐंशी, क्वचित नव्वद असे आकडे दिसतात. ज्यास आपण लोकसंख्येची वाढ म्हणतो, तिचा फार मोठा भाग म्हणजे ही न मेलेली मुले होत. त्यांच्याविषयी तक्रारीच्या सुरात बोलणे आम्हांस तरी जमत नाही.

आता बाप्तिस्म्याची नोंदवही पाहा. जुन्या पानांवर एकाच मातापित्यांची नावे सहा-सहा, सात-सात वेळा येतात. हल्ली ती दोन वेळा येतात, पुष्कळदा एकदाच. हे केवळ आपल्या धर्मग्रामात घडले असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीस सरासरी १.७ अपत्ये होतात. पिढीची जागा पिढीने भरून निघण्यास २.१ लागतात. म्हणजे राज्याने तो उंबरठा ओलांडून खालची पायरी केव्हाच गाठली आहे. ‘त्यांची पोरे फार’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडात मागच्या पिढीपासून राहून गेलेले आहे. तांड्यावरच्या व पोडावरच्या तरुण आयांनाही आता दोन-तीनच मुले असतात, हे जो तेथे जातो त्यास दिसते.

मग अपत्ये कमी झाली असता माणसे वाढतच का राहतात, असा प्रश्न एका महाविद्यालयीन मुलीने आम्हांस विचारला होता. त्याचे उत्तर घरगुती उदाहरणाने देता येते. एका जोडप्यास सहा मुले झाली. त्या सहांनी प्रत्येकी दोनच अपत्यांवर थांबावयाचे ठरविले, तरी नातवंडे बारा होतात. सोयऱ्यांचा अर्धा वाटा सोडला तरी सहा उरतात. ती सहा मुले आणि ही सहा नातवंडे एकाच वेळी जेवावयास बसतात, आणि आजीआजोबाही साठीत न जाता ऐंशीपर्यंत पंक्तीला असतात. वेगात धावणारी बैलगाडी कासरा ओढताच उभी राहत नाही, तद्वत हे आहे. शिवाय चुली वाढतात. पूर्वी एका चुलीवर बारा माणसे जेवत. आता तीन चुलींवर दहा जेवतात, आणि प्रत्येक चुलीस स्वतंत्र घर, नळ, मोटारसायकल व अंगण लागते. जमिनीचेही तेच. महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी धारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ साली १.३४ हेक्टर झाली. तीन एकर कोरडवाहूत जो कापूस पेरतो तो चौथा हिस्सा पडीक ठेवील, धुऱ्यावर बाभूळ वाढू देईल, अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी करावी? त्याचा आजा ते करू शकत होता, कारण त्याच्यापाशी वावर होते. माणसेच काय, धर्मप्रांतही वाढले की वाटून घ्यावे लागतात. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपुराहून असाच वेगळा निघाला, फक्त त्या वाटणीत कोणी धुऱ्यासाठी भांडले नाही.

येथवर पहिल्या वाक्याचा पक्ष झाला. आता त्याची दुसरी बाजू.

मनुष्यसंख्या भूमितीच्या श्रेणीने वाढते व अन्न अंकगणिताच्या, आणि मग दुष्काळ व रोगराई तो हिशेब जुळवून देतात, हा सिद्धांत थॉमस माल्थस याने १७९८ साली प्रसिद्ध केला. हा गृहस्थ स्वतः अँग्लिकन पंथाचा धर्मोपदेशक होता, हे आमच्या व्यवसायबंधूंनी विसरू नये. १८०५ पासून १८३४ साली मरेपर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील विद्यालयात प्राध्यापक होता. हिंदुस्थानावर अंमल गाजविण्यास निघालेले तरुण तेथे तयार होत. दुष्काळ हा निसर्गाचाच हिशेब आहे असे ज्यास शिकविले गेले, त्यास दुष्काळाच्या दिवशी हात धुऊन मोकळे होणे किती सोपे जात असेल, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

आपल्या वऱ्हाडाचे रान प्रथम कोणी खाल्ले, हे पाहिले तर या सिद्धांताचा लंगडेपणा ध्यानात येतो. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि वऱ्हाडी कापसास सोन्याचे मोल आले. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी आपली लहानगी शकुंतला गाडीही कापसासाठीच बांधली गेली. गावोगावचे पडीक रान, गुरांची चराई, नदीकाठची झाडी नांगराखाली गेली. त्या वेळी जिल्ह्यात माणसे आजच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नव्हती. तरीही रान हटले, कारण ते येथल्या पोटांसाठी हटत नव्हते. सात समुद्रांपलीकडच्या गिरण्यांचे पोट त्यात भरत होते, आणि ते पोट कोणत्याही शिरगणतीत वऱ्हाडच्या नावे मोजले गेले नाही.

आजही तोच प्रकार आहे. वणीकडे जाणाऱ्याने उकणी, नीलजई येथील उघड्या कोळशाच्या खाणी पाहाव्यात. मातीचे काळे डोंगर उभे राहिले आहेत. हा कोळसा खाणीशेजारच्या झोपडीतील दिवा लावण्यासाठी निघत नाही. तो वीजकेंद्रांस जातो, आणि त्या विजेचा मोठा भाग दूरच्या शहरांत व कारखान्यांत जळतो. सबंध जगाचा हिशेब केला तर हिंदी मनुष्याच्या वाट्यास वर्षाकाठी सुमारे दोन टन कर्बवायू येतो, अमेरिकन मनुष्याच्या वाट्यास सुमारे चौदा टन. म्हणजे तेथे जन्मलेले एक मूल येथील सात मुलांइतके आकाश मळविते. तरीही ‘पोरे फार’ हे वाक्य त्याच्याविषयी कोणी उच्चारत नाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कापसावर विषारी औषधे फवारताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले आणि शेकडो इस्पितळात पडले. त्या वेळी रानात विष पसरले होते हे खरे, परंतु ते गर्दीमुळे पसरले नव्हते. बोंडअळी, कर्ज आणि दुकानदाराचा सल्ला या तिघांनी मिळून ते पसरविले.

पाण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा काही अवर्षणाचा मुलूख नव्हे. परंतु तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो, आणि जिल्ह्याच्या पुष्कळ भागात मातीखाली काळा पाषाण आहे. त्या पाषाणाच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच उन्हाळ्यास उरते. वर झाडी व गवत असले की पाणी थबकते व मुरते. उतार उघडा पडला की ते माती घेऊन नाल्याने पैनगंगेस अथवा वर्धेस जाऊन मिळते. पूर्वी तीस-चाळीस फुटांची विहीर एका वस्तीस पुरत असे. माणसे वाढली, विहिरीवर मोटर बसली, बागायत आली. मग प्रत्येकाने कूपनलिका खणली, दोनशे फूट, तीनशे फूट, आणि वरच्या विहिरी कोरड्या पडल्या. खोल खडकातून आलेल्या पाण्यात केळापूर, झरी-जामणी या भागांत अनेक ठिकाणी फ्लोराइडचा क्षार निघाला. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडले, मोठ्यांची हाडे ताठरली. पन्नाशीतल्या माणसास काठी टेकीत मिस्साबलिदानास येताना आम्ही पाहतो, तेव्हा त्याच्या घरचे पाणी कोठून येते हे प्रथम विचारतो. म्हणजे पाणी संपण्यापूर्वी ते बाधक होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहराची काय दशा झाली, ती तुम्हांस आठवत असेल. निळोणा व चापडोह या दोन जलाशयांवर शहर विसंबून होते. आदल्या वर्षी पाऊस कमी पडला आणि दोन्ही जलाशय तळास गेले. लोक रात्ररात्र टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसत. शहर वाढले होते, जलाशय तेवढेच राहिले होते, आणि बेंबळा प्रकल्पाचे पाणी आणणारी जलवाहिनी वेळेवर पुरी झाली नव्हती. येथे माणसांची संख्या, पावसाची तूट आणि कारभाराची दिरंगाई ही तिन्ही कारणे एकत्र आली. त्यांतील एकासच दोष देणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या दोहोंपैकी एकाशी नातेसंबंध ठेवून असतो.

आता आपल्या आवारातील विहिरीकडे येतो. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून शेजारच्या वस्तीतील बाया तेथे पाणी भरावयास येतात. वस्ती वाढली आहे, हे खरे. विहीर धर्मग्रामाची असून ती बाहेरच्यांस बंद करावी, ‘ते लोक फार झाले’, असा एक अर्ज आमच्याकडे आला आहे. अर्जदारांची नावे आम्ही घेणार नाही. त्यांची काळजी खोटी नाही, कारण एप्रिलअखेर विहिरीत एक परसही पाणी उरत नाही. तथापि त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय घरी पुन्हा वाचावा, अशी आमची विनंती आहे. इसहाकाच्या वैभवाचा हेवा वाटून पलिष्ट्यांनी त्याच्या बापाच्या विहिरी मातीने बुजविल्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या. एका विहिरीवरून गुराखी भांडले, त्याने ती सोडली. दुसरीवरून भांडले, तीही सोडली. तिसरी खणली, तीवरून कोणी भांडले नाही, आणि तिचे नाव त्याने ऐसपैस जागा या अर्थी रहोबोथ ठेवले. विहीर बुजविणारे आणि विहीर खणणारे अशी दोनच माणसे त्या अध्यायात आहेत. आपली विहीर तीस वर्षांत एकदाही उपसलेली नाही, तिच्यात पुरुषभर गाळ आहे, आणि मंदिराच्या एवढ्या मोठ्या छपराचे पाणी दर पावसाळ्यात गटारात जाते. गाळ काढणे व छपराचे पाणी विहिरीच्या शेजारी मुरविणे ही दोन कामे होण्यापूर्वी कोणास बंदी करण्याचा अर्ज आम्ही मंडळापुढे ठेवणार नाही.

शास्त्राचा विषय निघालाच आहे, तर एका आक्षेपाचा विचार करू. देवाने मनुष्यास फळाफुलास येऊन पृथ्वी व्यापून टाकावयास सांगितले, म्हणून निसर्गाच्या नाशाचे मूळ आमच्याच ग्रंथात आहे, असे काही सुशिक्षित लोक म्हणतात. त्यांनी तोच अध्याय थोडा वरून वाचला तर तोच आशीर्वाद मनुष्याच्या आधी जलचरांस व पक्ष्यांस दिलेला आढळेल, आणि जलप्रलयानंतर तारवातून उतरलेल्या सर्व पशूंच्या बाबतीतही देवाने तोच हेतू सांगितला आहे. एकाच पृथ्वीवर अनेकांस वाढावयास सांगितले म्हणजे कोणीही सर्व जागा घ्यावी असा अर्थ होत नाही. पुढे अब्राम व लोट यांची कथा आहे. दोघांची गुरेढोरे इतकी वाढली की त्या भूमीस दोघांचे ओझे पेलवेना, व गुराखी भांडू लागले. हा ‘माणसे फार झाली’ याचाच जुना दाखला होय. अब्राम वडीलधारा. तरी त्याने पुतण्यास पहिली निवड दिली. लोटाने पाण्याची, हिरवी बाजू उचलली, आणि त्याचे पुढे काय झाले ते तुम्हांस ठाऊक आहे.

पशूंचा उल्लेख केला म्हणून राळेगाव-पांढरकवड्याच्या वाघिणीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१६ ते २०१८ या काळात त्या भागात तेरा माणसे मारल्याचा आरोप जिच्यावर आला, ती अवनी अथवा टी-१ नावाची वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ गोळीने मारली गेली. तिच्या बाजूने देशभर मोर्चे निघाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुंबईच्या लोकांस वाघिणीची दया आली, आणि गावच्या लोकांस आपल्या मृतांची. दोन्ही दया खऱ्या होत्या, परंतु मृत्यूचे ओझे एकाच बाजूवर होते. त्या मृतांत वावरात राबणारे होते, गुरे राखणारे होते. गुरे रानात का न्यावी लागतात? कारण गावची ई-क्लास जमीन, जी चराईसाठी राखलेली असे, ती घरांनी, अतिक्रमणांनी व मुरुमाच्या खाणींनी पुष्कळ गावांत गिळली आहे. आणि वाघीण वावरात का येते? कारण तिचे रान तुकड्यातुकड्यांत उरले आहे. जवळचे टिपेश्वर अभयारण्य अवघे दीडशे चौरस किलोमीटरांच्या आतले. तेथेच जन्मलेला एक तरुण वाघ, ज्याच्या गळ्यात २०१९ साली वनखात्याने यंत्राचा पट्टा बांधला होता, तो स्वतःच्या जागेच्या शोधात तेलंगण, मराठवाडा, विदर्भ असा भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा उतरेपर्यंत त्याची चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. कापसाच्या रानातून, लोहमार्ग व हमरस्ते ओलांडीत तो गेला. पुण्यास खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांची आम्हांस ते वर्तमान वाचताना आठवण झाली.

आता जे राज्यकर्ते या प्रश्नावर सक्तीचा उपाय योजू पाहतात त्यांविषयी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील किती स्वेच्छेने झाल्या, हे त्या काळच्या वडीलधाऱ्यांस विचारावे. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीची शस्त्रक्रिया करविणारे विधेयकही १९७६ साली संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. २००५ साली लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले, व दोहोंपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यास सरकारी नोकरीचे दार बंद झाले. अपत्ये दोनच हवीत आणि त्यांत पुत्र तर हवाच, अशी ज्या घरची समजूत, तेथे या आकड्याचा घाव कोणावर पडतो? महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. ही घट काही एकट्या नियमाने झाली असे आम्ही म्हणत नाही, पुत्राचा लोभ त्याहून फार जुना आहे. पण जन्मास न आलेल्या त्या मुलींची गणना लोकसंख्येच्या नियंत्रणात करणारा समाज काय मोजतो आहे, हे त्याचे त्यासच कळत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण तुम्ही विवाहपूर्व वर्गांत ऐकली आहे, ती आम्ही येथे लांबवीत नाही. अपत्ये किती असावीत हे पतिपत्नींनी देवापुढे, एकमेकांच्या प्रकृतीचा व घरच्या स्थितीचा विचार करून ठरवावे. सरकारने ठरवू नये, सासूनेही ठरवू नये. १९६८ च्या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी जबाबदार पालकत्वाचा पुरस्कार केला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात वार्ताहरांस स्पष्ट सांगितले की, चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी प्रजा वाढविली पाहिजे ही समजूत चुकीची आहे. त्याच वर्षीच्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात त्यांनी याची दुसरी बाजूही मांडली : थोड्यांच्या अमर्याद उपभोगाकडे डोळेझाक करून गरिबांच्या मुलांस दोष देणे ही प्रश्न टाळण्याची युक्ती होय. ही दोन वचने जो एकत्र धरील त्यासच आमच्या मते हा विषय कळला. एक अनुभव मात्र सांगावासा वाटतो. ज्या घरची मुलगी बारावीपर्यंत शिकली, जिचे लग्न वयात आल्यावर झाले, त्या घरी अपत्यांची संख्या कोणी सक्ती न करता आटोक्यात राहिली. आपल्या भगिनींनी खेड्यांत काढलेल्या शाळा व वसतिगृहे यांनी या कामी जे केले ते कोणत्याही फर्मानाने झाले नसते.

जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये आठशे कोटी झाली, आणि २०२३ साली आपल्या देशाने चीनला मागे टाकले. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की, या शतकाच्या नवव्या दशकात ती एक हजार तीस कोटींच्या सुमारास पोहोचून मग उतरू लागेल. म्हणजे आज जी बालके या मंडपात आईच्या मांडीवर आहेत, ती साठीत येतील तेव्हा माणसांचा पूर ओसरू लागलेला असेल. तोवर पाणी, माती व रान टिकविणे एवढेच काम आपल्या पिढीपुढे आहे, आणि ते काही थोडे नव्हे.

लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षास योबेल म्हटले आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, गुलामास सोडावे, गहाण पडलेली जमीन मूळ मालकास परत द्यावी, आणि भूमीस पेरणीपासून विसावा द्यावा, अशी आज्ञा आहे. आपण महोत्सवात शिंगाऐवजी ध्वनिक्षेपक लावला व मंडप घातला. राहिलेल्या गोष्टींपैकी एक तरी पाळावी म्हणून मंडळाच्या संमतीने असे ठरले आहे की, धर्मग्रामाच्या मालकीचे नाल्याकाठचे चार एकर वावर, जे आजवर मक्त्याने कापसास दिले जाई, ते यंदा पेरावयाचे नाही. मक्त्याचे पैसे बुडतील. त्याबद्दल खजिनदारांनी आमच्याकडे नाराजी व्यक्त केली असून ती आम्ही नम्रपणे ऐकून घेतली आहे. नाल्याच्या अंगास बांबू, कडुनिंब व बाभूळ लावावयाची आहे. उरलेल्या भागात गवत वाढू द्यावयाचे आहे. तेथे गुरे सोडू नयेत. दिवाळीनंतर गवत कापावयास मोकळे होईल, तेव्हा ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी विळा घेऊन यावे. शेजारच्या वस्तीतील लोकांसही हा निरोप पोहोचवावा. प्रत्येक घरास किती पेंढ्या मिळतील ते गवत पाहून सांगता येईल.